ऑइलचा दिवा लुकलुकला की लिटरभर ऑइल ओता? जरा थांबा

जुन्या गाडीवाल्यांसाठी म्हणून एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, मला तर तीन जणांनी पाठवला त्यात साडूही आले. सांगणं असं, की ऑइलचा लाल दिवा लागला म्हणजे ऑइल कमी झालं, लिटरभर ओता आणि चला. तरी लुकलुकला तर जाड ऑइल टाका. प्रेशर जेवढं जास्त तेवढं इंजिन ठणठणीत. आणि सकाळी स्टार्ट केल्या केल्या रेस द्या म्हणजे ऑइल वर चढतं.

पहिलंच चुकीचं. तो दिवा ऑइल किती आहे ते सांगतच नाही, प्रेशर सांगतो. माझी मारुती 800 कसारा घाट चढून नाशकात आली, द्वारकेच्या सिग्नलला उभी राहिली आणि दिवा लुकलुकायला लागला. मी मेसेज प्रमाण मानून लिटरभर ओतलं, ऑइल मोजायची पट्टी न बघता, हा गाढवपणा माझाच. नंतर बघितलं तर ऑइल वरच्या खुणेच्याही बरंच वर. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमधलं अंतरच साधारण लिटरभराचं असतं, म्हणजे आधी भरलेलं असेल तर काय होणार बघा. क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, ऑइलमध्ये घुसळायला लागतो, फेस होतो, पंप हवा ओढतो आणि प्रेशर उलट पडतं.

आता जास्त प्रेशर म्हणजे चांगलं इंजिन, हे. आपल्याकडे निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागवाल्याला विचारा, तो दोन मिनिटांत समजावेल. ठिबकची मोटार तीच, पण एखादी नळी फुटली की गेजचा काटा खाली येतो. आणि ड्रीपर क्षाराने बुजले की काटा वर चढतो, पण वेलीला पाणी नाही. इंजिनात पण तेच आहे, पंप ऑइल ढकलतो फक्त, प्रेशर तयार होतं ते क्रँकला आधार देणाऱ्या बेरिंगच्या बारीक फटीतून जाताना होणाऱ्या अडथळ्याने. बेरिंग झिजले, फट वाढली, प्रेशर पडलं. खालच्या ऑइल चेंबरमधली जाळी गाळाने बुजली तरी पडतं, जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळून ते पातळ झालं तरी पडतं.

आता जाड ऑइलचं. 20डब्ल्यू-50 मधला 50 हा इंजिन गरम असतानाचा जाडपणा, 40 च्या जागी 50 टाकलं की काटा वर येणारच, दिवाही विझेल, पण झिजलेलं बेरिंग झिजलेलंच राहतं, तुम्ही फक्त तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद केलं. खूप किलोमीटर झालेल्या इंजिनात मिस्त्री विचार करून एक पायरी जाड टाकतात, त्याला माझी ना नाही, पण आधी मोजून.

मोजायला वेळ लागत नाही. माझ्या मिस्त्रीने दिवा लावणारा ऑइल प्रेशरचा स्विच काढला, त्याच जागी साधं काट्याचं गेज लावलं. थंड इंजिनाला काटा 4 बारच्या (बार म्हणजे प्रेशरचं माप) आसपास, इंजिन चांगलं तापल्यावर आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, 1, रेस दिली की परत 3 च्या वर. गरम आयडलला प्रेशर कमी असणं नॉर्मलच आहे, पंप तेव्हा हळू फिरतो आणि ऑइल पातळ झालेलं असतं. हे स्विच साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली दिवा लावतात, म्हणजे माझं इंजिन ठीक होतं, स्विचच खराब, त्याच्या बुडातून ऑइल पाझरत होतं. स्विच बदलला, जास्तीचं ऑइल काढलं, विषय संपला. पण हे मोजल्यावर कळलं हां, चालू गाडीत दिवा पेटून राहिला तर बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा, घरापर्यंत ढकलू नका.

सकाळची रेस तर नकोच. पहिले काही सेकंद बेरिंगपर्यंत ऑइल पोचलेलं नसतं आणि तुम्ही त्याच वेळी पळवता.

साडू म्हणाले, आमच्या गाडीत तर दिवा कधी लागलाच नाही. म्हटलं चावी ऑन करा, स्टार्ट मारू नका. इंजिन बंद म्हणजे प्रेशर शून्य, दिवा लागायलाच हवा. बॅटरीचा लागला, ऑइलचा नाही. बल्ब कधीचा उडालेला होता.