किडा दिसला की चिरडा? थांबा, आधी त्याच्या मिशा बघा

‘अनोळखी किडा ओळखायच्या सहा खुणा’ हा मेसेज आता तिसऱ्यांदा माझ्याकडे आलाय, दर वेळी वर ‘सेव्ह करून ठेवा’ लिहिलेलं. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भडक रंगाचा किडा विषारी, दिसला की लगेच चिरडा. पिवळे-काळे पट्टे किंवा मागे लांब काटा असेल तर डंख मारणार. लाइटभोवती पंखवाले किडे जमले म्हणजे घराला वाळवी लागली. झाडावर पांढरं कापसासारखं दिसलं की तो पिठ्या ढेकूण, फवारा मारा. लेडीबगच्या पाठीवर जितके ठिपके तितकं तिचं वय. आणि यातलं काहीच लागू पडलं नाही तर फोटो काढून ॲपमध्ये टाका, येईल ते नाव फायनल.

सगळंच खोटं असतं तर कुणी फॉरवर्ड केलंच नसतं, थोडं थोडं खरं आहे म्हणून ते पटतं. घोळ असा की प्रत्येक ठिकाणी एकच खूण बघायला सांगितलीय, आणि किड्यांच्या दुनियेत एकाच खुणेवर फसवणारे ढिगाने आहेत.

चिरडायचं आधी घेतो, कारण त्यात खरंच इजा होऊ शकते. पिडेरस नावाचा एक बारका भुंगेरा असतो, ७ ते १० मिलिमीटर, लांबट, नारिंगी-काळा, पळताना अगदी मुंगीसारखा वाटतो. हा चावत नाही, डंखही मारत नाही. त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन नावाचं विष असतं आणि तो अंगावर चिरडला की ते कातडीला लागतं. गंमत (भोगणाऱ्याला कसली गंमत म्हणा) अशी की त्रास लगेच होत नाही, साधारण बारा तास ते दीड दिवसाने लाल चट्टा येतो, मग फोड, आणि तोवर आपण तो किडा विसरलेलो असतो, त्यामुळे ‘रात्री कोळी चावला’ असं ठरवून मोकळे. म्हणजे रंगावरून सावध व्हा हे ठीकच आहे, पण चिरडा हा सल्ला नेमका उलटा. फुंकर मारा, कागदावर घेऊन बाहेर सोडा, चुकून चिरडला गेलाच तर ती जागा साबणाने धुवा आणि तोच हात डोळ्याला लावू नका. केसाळ, काटेरी अळ्यांचंही असंच, हात लावायचाच नाही. घोणस अळीचे काटे टोचले तर चांगलीच आग होते, काटे कातडीत राहिले असतील तर चिकटपट्टी लावून ओढून काढायचे, चोळायचं नाही. आणि ‘अळी चावून पाच मिनिटांत मृत्यू’ हे जे अधूनमधून फिरतं त्याचं काय? सुरवंटामुळे माणसं दगावल्याच्या पक्क्या नोंदी आहेत, पण त्या मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या लोनोमिया नावाच्या अळीच्या. तिचं विष रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवतं, त्यातसुद्धा पाच मिनिटांत कुणी जात नाही, आणि ब्राझीलमध्ये त्यावर प्रतिविष बनवतात.

आता पांढऱ्या कापसाचा मुद्दा, इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. जास्वंदीच्या शेंड्यावर पिठ्या ढेकूण झाला होता, मध्येच तीन-चार जरा मोठे, लांब पांढऱ्या धाग्यांचे दिसले, म्हटलं हे त्यांचे आजोबा असणार, सगळ्यात आधी हेच वेचून साबणाच्या पाण्यात टाकले. एक मात्र पाण्यात पडायच्या आत बोटावरून तुरुतुरु पळाला. पिठ्या ढेकूण असा पळत नाही हो, त्याला काडीने ढोसलं तरी आळस दिल्यासारखा हलतो. भिंग आणून बघितलं तर धाग्यांच्या खाली सहा स्पष्ट पाय आणि पुढे चावायचा जबडा. ती क्रिप्टोलीमस नावाच्या लेडीबगची अळी होती, पिठ्या ढेकूण हेच तिचं जेवण, आणि सोंगही त्याचंच घेतलेलं. १८९१ साली हा भुंगेरा याच कामासाठी ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात मुद्दाम नेला होता, आजही त्याची पैदास करून विकतात, आणि मी फुकट आलेला बुडवून मारला. तर फवारा उचलायच्या आधी काडीने ढोसून बघा, मोठा असून भरभर चालत असेल तर राहू द्या. नेहमीच्या लेडीबगच्या अळ्यांचंही हेच होतं, काळपट, खरबरीत, नारिंगी डागांच्या, छोट्या मगरीसारख्या दिसतात, मावा खात असतात आणि ‘झाडाला कसलीतरी भयंकर कीड लागली’ म्हणून आपणच मारतो.

पट्ट्यांचं सांगायचं तर पिवळे-काळे पट्टे ही जाहिरात आहे, आणि जाहिरात कुणीही करू शकतं. फुलासमोर हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबणारी, पट्टेवाली जी ‘मधमाशी’ दिसते ती बऱ्याचदा सिरफिड माशी असते. तिला नांगीच नाही. पंख मोजा, मधमाशी-गांधीलमाशीला चार, हिला दोनच. पंख नाही मोजता आले तर तोंड बघा, मोठाले डोळे आणि मिशा अगदी आखूड. निरुपद्रवी प्राण्याने घातक प्राण्याचा वेश घ्यायचा हा प्रकार निसर्गअभ्यासक हेन्री बेट्स यांनी ॲमेझॉनमधल्या फुलपाखरांवरून १८६२ मध्ये मांडला, म्हणजे हे काही कालपरवा कळलेलं नाही. लांब काट्याचंही तसंच, इक्न्युमॉन गांधीलमाशीच्या मागे जो केसासारखा लांब काटा लोंबतो तो अंडी घालायची नळी असते. मधमाश्या-गांधीलमाश्यांची नांगीसुद्धा मूळची तीच नळी, म्हणून डंख मारते ती फक्त मादी, नराकडे मारायला काही नसतंच.

वाळवी. पंखवाल्या मुंग्याही लाइटवर येतात आणि पंखवाली वाळवीही येते, दोघी गठ्ठ्याने येतात, त्यामुळे गर्दीवरून काही सिद्ध होत नाही. एक मेलेला किडा पांढऱ्या कागदावर घ्या. कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, तर मुंगी. कंबर अशी नाहीच, सगळं एकसारखं जाड, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ, चारही पंख एकाच मापाचे, तर वाळवी. आणि असली तरी घाबरायच्या आधी बघा की ती खिडकीतून आत आली का घरातल्याच भिंतीतून किंवा चौकटीतून निघाली. बाहेरून आली असेल तर तुमच्या घराला वाळवी लागलीय असं त्यावरून होत नाही. आतून निघत असेल तर मात्र खरंच माणूस बोलवा.

लेडीबगचं वय: नाही. कोषातून निघते तेव्हा फिकट असते, काही तासांत रंग नि ठिपके येतात, मग मरेपर्यंत तेवढेच. सात ठिपकेवाली ही एक जात आहे, सात वर्षांची म्हातारी नाही.

राहिलं ॲप. मी स्वतः रोज वापरतो, पण ‘फायनल’ शब्दाला माझा आक्षेप आहे. नावं दिलेल्या कीटकांच्या जातीच सुमारे दहा लाख, आणि ॲपला फक्त त्याच येतात ज्यांचे पुरेसे फोटो त्याला शिकवलेत, बाकीच्यांना ते जवळपासच्या कुठल्यातरी ओळखीच्या किड्याचं नाव चिकटवतं. बऱ्याच माश्या-भुंगेरे तर तज्ज्ञसुद्धा मायक्रोस्कोपशिवाय जातीपर्यंत सांगत नाहीत. त्यामुळे पहिलं नाव आलं की लगेच मान डोलवू नका, खालचे चार पर्यायही बघा, आणि फोटो वरून, बाजूने, तोंडाचा असे तीन-चार काढा. माझ्या भिंतीवर सिमेंटच्या खपलीसारखं काहीतरी चिकटलेलं असायचं, चपटं, दोन्ही टोकांना निमुळतं, सेंटीमीटरभर. ॲप म्हणालं, बी. दुसऱ्यांदा म्हणालं, कोष. मग एका रात्री टॉर्च लावून बसलो, तर टोकातून तपकिरी डोकं आणि पाय बाहेर आले आणि ती खपली ओढत चालायला लागली. तेवढ्यात फोटो घेतला, तेव्हा कुठे पतंगाच्या अळीचं नाव आलं, घर पाठीवर घेऊन फिरणारी, कोळ्याची जाळी नि लोकर खाणारी. पुन्हा जवळ गेलो तर ती आत शिरली आणि थोड्या वेळाने दुसऱ्या टोकातून डोकं काढलं, घराला तिने दारंच दोन ठेवलीत.