नुसतं कोडिंग पुरत नाही
‘कॉम्प्युटेशनल बायोलॉजीला (म्हणजे संगणकावर जीवशास्त्राचे प्रश्न सोडवायला) कोडिंग आलं की झालं’ असं एका लेखात वाचलं, ते काही पटलं नाही बुवा. आमच्या रत्नागिरीकडे मे महिन्यात अंगणात आमसुलं वाळत असतात. त्या कोकमाच्या सालीतलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल एटीपी-सायट्रेट लायेज नावाच्या, सायट्रेट फोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं. हा रेणू संगणकावर एन्झाइमच्या खाचेत बसवला की प्रोग्रॅम तो किती घट्ट बसतो याचा आकडा देऊन मोकळा होतो. पण सायट्रेटपेक्षा यात एकच हायड्रॉक्सिल गट जास्त, शरीरातल्या पीएचला (आम्लतेच्या पातळीला) त्यावर विद्युतभार किती, हे माहीत नसेल तर तो आकडा खरा की भंपक कसं कळणार? त्यासाठी बायोकेमिस्ट्रीच घासावी लागते, टायट्रेशनसकट (थेंबाथेंबाने आम्ल मोजायचा तो प्रयोग). बाकी प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनांच्या रचनांचा ऑनलाइन साठा (स्थापना १९७१), सगळ्यांना फुकट आहे. गुहागरात बसूनही सुरुवात करता येते, पावसाळ्यात लाइट टिकली तर!