सुजलेला गुडघा ‘वाढत्या अंगाचा’ नसतो

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा सल्ला असा: ‘लहान मुलांना संधिवात होत नाही. अंग वाढतंय, पाय दुखणारच. आरए (संधिवातासाठी करतात ती रक्तचाचणी) निगेटिव्ह आला की निश्चिंत राहा. दही-चिंच बंद करा, कॅन्सरच्या गोळ्या देऊ नका.’

‘होत नाही’ हेच आधी खोटं. 16 वर्षांच्या आत सुरू झालेला, 6 आठवडे तरी टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला सांध्याचा दाह म्हणजेच मुलांचा संधिवात. वाढत्या वयातलं दुखणं संध्याकाळी-रात्री, दोन्ही पोटऱ्यांत किंवा मांड्यांत; सकाळी मूल पळत सुटतं. संधिवाताचं उलट. उठल्यावर सांधा आखडलेला, स्कूल बससाठी जिना उतरताना लंगडणं, दुपारपर्यंत बरंच मोकळं. म्हणूनच संध्याकाळी दवाखान्यात नेलेलं मूल नीट चालून दाखवतं. सकाळचाच व्हिडिओ काढून न्या. ‘दुखतंय’ हा शब्द ऐकायची वाट पाहू नका. लहानगी सुजलेल्या गुडघ्यानिशी खेळत राहतात.

आरए फॅक्टर संधिवात असलेल्या बहुतेक मुलांत निगेटिव्हच असतो. निदान मुख्यतः सांधे हाताने तपासून होतं. याच्या उलट घोळ एएसओचा (घशाचा स्ट्रेप्टोकॉकस संसर्ग होऊन गेल्याचं दाखवणारी रक्तचाचणी): घशाच्या जुन्या संसर्गानंतरही तो वाढलेला राहतो, आणि तेवढ्या आकड्यावर ऱ्हुमॅटिक फीवर (त्या संसर्गानंतरचा सांधेताप) समजून काही ठिकाणी दर 3 आठवड्यांची पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू होतात. एएनए ही आणखी एक रक्तचाचणी पॉझिटिव्ह असेल तर डोळे जपायचे. डोळ्याच्या आतला दाह ना लाली दाखवतो ना दुखतो. तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या स्लिट लॅम्प या यंत्रावरच दिसतो. अशा लहान मुलांची ही तपासणी साधारण दर 3 महिन्यांनी लागते.

दही-चिंचेचा संबंध नाही. दही तोडलं की कॅल्शियम मात्र घटतं.

‘कॅन्सरची गोळी’ म्हणजे मेथोट्रेक्सेट. इथे तिचा डोस कॅन्सरच्या मानाने फारच कमी: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम, तोही आठवड्यातून एकदाच. धोका या ‘एकदाच’मध्ये चूक होण्यात आहे. चुकून रोज दिली तर तोंड येतं, रक्तपेशी घसरतात, जिवावर बेतू शकतं. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. सोबत डॉक्टरांनी सांगितलेलं फॉलिक ॲसिड, ठरावीक काळाने सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि यकृताची तपासणी. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडणारेच पुष्कळ.

आणि वाढीचंच म्हणाल, तर लहान मुलाच्या एका गुडघ्यात दाह तसाच राहिला की तिथला रक्तपुरवठा वाढून हाड जास्त वाढतं, तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब होतो.