रंग मॅच व्हई जाई!

गाडीच्या दाराला ओरखडा गेलाय? घाबरू नका. केळीच्या ट्रकने घासलं असेल, नाहीतर शेजारच्या पोराने सायकल टेकवली असेल. तुम्ही फक्त रंगाचं नाव पाठ करा. सिल्व्हर. बस, एवढंच. जळगावच्या माणसाला चांदीचा रंग कोणी शिकवायचा?

गॅरेजमध्ये गेल्यावर पेंटर म्हणेल, "भाऊ, पेट्रोलच्या टाकीचं झाकण खोलून द्या. ते घेऊन दुकानात जातो, त्याच्यावरून शेड काढू." अजिबात देऊ नका. काम दोन स्क्रूंचं आहे, पण इज्जतीचा प्रश्न आहे. उघड्या टाकीने गावात फिरायचं म्हणजे शर्टाचं बटण तुटलेलं घेऊन लग्नाला जाण्यासारखं. त्यापेक्षा दाराचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप करा. फोटोत समोरचं लिंबाचं झाड आणि तुमचा स्वतःचा शर्टही दिसेल. पेंटरने त्यातून काय ते समजून घ्यावं.

नाहीतर कंपनीचा रंगाचा कोड द्या. कोडवर तुमचा विश्वास हवाच, कारण तो छापील असतो. त्या कोडचा रंग मशीनवर बनवला की गाडी ज्या दिवशी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा रंग मिळतो. तोसुद्धा साधारण. एकाच कोडचे फिके-गडद दोन-चार प्रकार निघतात, कारण कारखान्यातही प्रत्येक घाण्याचा रंग हुबेहूब सारखा नसतो. मधल्या काळात तुमच्या २००५ च्या मारुतीने जळगावचे सगळे उन्हाळे अंगणात काढले, ४५ अंशांत, अंगावर कव्हर नाही, ही तुमची घरगुती बाब झाली. लग्नातल्या सूटचं माप देऊन आज सफारी शिवायला टाकावी, तसं हे आहे. माप खरं आहे ना? मग पोटाचं पोट बघेल.

जुना पत्रा आधी रबिंग करून मळ काढू, खरा रंग वर आला की त्याच्याशी मॅच करू, असंही तो सुचवेल. नको म्हणा. मळ हा गाडीचा इतिहास आहे, मॅचिंग त्याच्याशीच होऊ द्या. पुढे दिवाळीत पॉलिश केल्यावर नवं दार एकटंच मळकट दिसेल, ते दिवाळीत बघू.

आता सिल्व्हरची गंमत. यात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते सरकारी कर्मचाऱ्यांसारखे असतात, म्हणजे कुठे, कसे आणि किती निवांत पडून राहायला मिळतं यावर त्यांची चमक ठरते. ओला, जाड हात मारला की कण खाली बसतात आणि रंग गडद होतो. हात कोरडा पडला, गन लांब धरली, हवेचा दाब वाढला की कण वरच अडकतात आणि रंग फिका. डबा तोच, माणूस तोच, दार मात्र दोन रंगांचं. समोरून बघितलं तर मॅच, बाजूने बघितलं तर चुलत भाऊ. म्हणून जाणता पेंटर आधी पत्र्याच्या तुकड्यावर फवारून, वर लॅकर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, मारून, वाळवून, गाडीला लावून बघतो. हा वेळेचा शुद्ध अपव्यय आहे. त्याला सांगा, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक-जावई येताहेत, परवा गाडी पाहिजे.

आखाजीचा मुहूर्त तसाही उत्तम. भर उन्हात रंग पातळ करायचं थिनर पत्र्यावर पोचायच्या आत उडतं आणि रंग कोरडा बसतो. उन्हाळ्यासाठी सावकाश उडणारं थिनर मिळतं, पण ते दुकानातून आणावं लागतं. वर वावटळ फुकट. ओल्या लॅकरवर बसलेली खान्देशची काळी माती कोणत्याही शेड कार्डात सापडणार नाही.

पेंटर शेवटचं सांगेल, "भाऊ, शेजारच्या दारावर रंग थोडा विरवत नेऊ, आणि दोन्ही दारांना पूर्ण लॅकर मारू. मग नजरेला जोड सापडत नाही." इथेच लोक फसतात. ओरखडा एका दाराला आणि पैसे दोन दारांचे? सरळ रेषेत टेप लावून घ्या. आणि गाडी ताब्यात घ्यायला रात्री जा. ट्यूबलाइटखाली सगळं मॅच होतं. दोन वेगळे रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात भांडतात, पण सकाळचं ऊन सकाळी.

हे सगळं मी स्वतः करून पाहिलेलं आहे. माझा पेंटरही "मॅच व्हई जाई" म्हणाला होता, पण त्याने झाकण मागितल्यावर. मी ते दिलं नाही, हे माझंच कर्तृत्व. आखाजीच्या सकाळी जावयांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि अत्यंत आदराने विचारलं, "मामा, हे दार भंगारातून आणलं का?" हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी होती. तिथे वांगी भाजायची सोडून चौघं जण माझ्या दाराचा रंग कोणत्या कोनातून जुळतो ते शोधत होते. एकाला सापडला, तो खाली बसला होता.

मग मागचं दार पुढच्याशी जुळवलं. ते जुळलं, तर चाकावरचा फेंडर जुना दिसू लागला. मग बॉनेट, मग पलीकडची बाजू, शेवटी छत. आता अख्खी गाडी एका रंगाची आहे. फक्त पेट्रोलच्या टाकीचं झाकण तेवढं कंपनीचं राहिलंय आणि ते कशाशीच मॅच होत नाही.