माऊस कुणाच्या हातात?

आज पालकसभेला गेले होते, डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून लिहितेय. कॉम्प्युटरच्या मॅडम म्हणाल्या, तुमच्या लेकीचं जर्नल एक नंबर आहे हो, पण प्रॅक्टिकलला हात चालत नाही तिचा, मुलींचं तसंच असतं, थिअरीत पुढे. आणि हसल्या. मीही हसले, चारचौघांत काय बोलणार.

घरी येऊन पोरीला विचारलं, लॅबमध्ये नक्की करतेस काय गं? तर म्हणे, एका कॉम्प्युटरवर आम्ही तिघं, माऊस त्या दोघांकडे, मी स्टेप्स वाचून दाखवते. वर्षभर! अहो मग हात चालेल कसा, माऊसला लागला तर ना!

मॅडमची दयाही येते. पन्नासच्या वर पोरं, निम्मी मशीन कव्हर घालून बंद, त्यात लाइट जाते, जो आधी खुर्ची पकडेल त्याचा माऊस. मुलं घरी गेम खेळून हात साफ करून येतात, तेही मान्य. काही मुली आपणहून मागे सरकतात, बरं, तेही मान्य, पण का सरकतात ते विचारा की! लॉकडाऊनमध्ये घरातला एकुलता एक मोबाईल आधी कुणाच्या हातात जायचा, हे मी सांगायला नको.

आणि ‘तसंच असतं’ म्हणजे कसं? तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये डोकावा, मिनिटाला मराठी ३०, इंग्रजी ४० शब्दांचा स्पीड करायला मुली बसलेल्याच असतात, तिथे बरी बोटं चालतात, कारण एका मशीनला एकच जण. १९४६ साली अमेरिकेत तो खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर एनिअ‍ॅक आला ना, त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं, कारण तेव्हा ते कारकुनी काम वाटायचं. पुढे भाव आला आणि ते पुरुषांचं झालं.

राहून राहून तेच आठवतंय, ‘स्टेप्स वाचून दाखवते’. तक्रारही नाही तिची, उलट म्हणे, मी नीट वाचते म्हणून आमच्या ग्रुपचं सगळ्यांच्या आधी होतं. एक्सेलमधला बेरजेचा फॉर्म्युला तोंडपाठ आहे, इज इक्वल टू सम, कंस, ए वन कोलन ए टेन, एंटर. एंटर दुसराच कोणीतरी दाबतो.

सोमवारी जाऊन सांगणारे, रोल नंबरने माऊस फिरवा, त्याला काही अनुदान लागत नाही. आणि ‘मुलींना मुळात आवडच नसते’वाल्या काकांनी आज कृपया कमेंटमध्ये येऊ नये, मूड नाहीये.