सोंद्याचा राजा स्विंडनला

माझ्या जावयाचा एक पक्का समज आहे. मी पाण्याच्या खात्यात बत्तीस वर्षं काढली, म्हणजे ज्या ज्या वस्तूत पाणी असतं त्या सगळ्यांतलं मला कळतं. या समजापायी मी त्याला आजवर वॉशिंग मशीन, पाण्याचा फिल्टर आणि एकदा पूजेचा नारळही निवडून दिलाय. मे महिन्यात मात्र त्याने इंग्लंडातल्या स्विंडनहून बॉयलर पाठवला. म्हणजे बॉयलरचा प्रश्न पाठवला, चौसष्ट पानांच्या पीडीएफसकट.

मी गोव्यात, ओपाच्या पाणी प्रकल्पावर होतो. खांडेपार नदीचं पाणी उपसायचं, गाळायचं, क्लोरिन घालायचं आणि पुढे सोडायचं. तापवायचं काम आमच्याकडे कधीच नव्हतं. ते लोकांच्या गच्चीवरच्या टाकीत सूर्य फुकट करून देतो.

जावयाच्या आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, गोव्यातला. त्या पुण्याईवर लिस्बनच्या नोंदवहीत नाव चढवून नातवाने पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि ब्रेक्झिटच्या आधीच इंग्लंड गाठलं. स्विंडनमध्ये आपले गोंयकार इतके, की मुलगी म्हणते, बाजारात उभं राहून कोंकणीतून कुणाची नालस्ती करायची सोय राहिली नाही.

तर त्यांचा जुना बॉयलर बसला. नवा घ्यायचा तर तिथे २०१८ च्या एप्रिलपासून ‘बॉयलर प्लस’ नावाचा नियम आहे. घरात नवा कॉम्बी बॉयलर (म्हणजे न्हाणीचं पाणीही तापवणारा आणि भिंतीवरच्या रेडिएटरांत गरम पाणी फिरवून खोल्याही उबदार ठेवणारा) बसवला की त्याच्या जोडीला चारांपैकी एक तरी वस्तू हवीच: धुरातली उष्णता परत ओढणारं यंत्र, स्वतःच शिकणारा हुशार थर्मोस्टॅट, खोलीची गरज बघून पाणी कमीजास्त तापवणारा नियंत्रक, नाहीतर बाहेरची हवा बघून तेच काम करणारा.

“बाबा, चारांतला कुठला?” मुलीने विचारलं.

फोंड्यात तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पारा ३४ वर, लाइट गेलेली, आणि मी पंचाने वारा घेत वाचत होतो, ‘बाहेर उणे ३ अंश असताना रेडिएटरला किती अंशाचं पाणी द्यावं?’ उणे आकडा मी आयुष्यात दोनच ठिकाणी पाहिलाय. एक खात्याच्या लेजरात, दुसरा बांगड्यांच्या फ्रीजरवर. घाम टिपता टिपता गोठणाऱ्या माणसाच्या सोयीचा विचार करणं किती अवघड, ते मे महिन्यात फोंड्याला येऊन बघा.

जावयाचा जीव हुशार थर्मोस्टॅटवर जडलेला. फोनवरून चालतो, रंग बदलतो, घरी यायच्या आधी घर तापवून ठेवतो. मी चौसष्ट पानं वाचल्यावर (दुसरं करणार काय, लाइट आलीच नव्हती) माझ्या लक्षात आलं की त्याने निवडलेला थर्मोस्टॅट बाकी कितीही हुशार असला तरी बॉयलरशी दोनच शब्द बोलतो. ‘चालू’ आणि ‘बंद’.

आमच्या फोंडा-पणजी बसच्या ड्रायव्हरलाही दोनच शब्द येतात. दाब आणि आवळ. म्हार्दोळला दाबला, कुंडईला आवळला, बाणस्तारीला पुन्हा दाबला, आणि जुन्या गोव्याला असा काही आवळला की उभे असलेले सगळे प्रवासी धर्मभेद न पाळता गोंयच्या सायबापुढे, म्हणजे सेंट झेवियरपुढे, वाकतात. गाडी पोचते, नाही असं नाही. पण डिझेल किती पिते आणि आपली कंबर किती खाते! नवे बॉयलर मॉड्युलेटिंग असतात, म्हणजे ज्योत मोठी-बारीक करत पाय अर्ध्यावर ठेवून चालवणारा ड्रायव्हर. असा ड्रायव्हर पगारावर ठेवायचा आणि शेजारी ‘दाब, आवळ’ ओरडणारा कंडक्टर बसवायचा, हे काही मला पटेना.

“मग दुसऱ्या कंपनीचा चांगला थर्मोस्टॅट घेऊ,” जावई म्हणाला. पण तिथेही मेख आहे. दोघांची भाषा जुळायला हवी. ओपनथर्म नावाची एक समाईक भाषा आहे, तरी काही बॉयलर आपल्याच घरच्या बोलीत बोलतात आणि परक्याला फक्त चालू-बंद एवढीच ओळख देतात. हे मला लगेच समजलं. आमच्या घरात आम्ही कोंकणीत भांडतो, मराठीत वर्तमानपत्र वाचतो, आणि आईला फारच राग आला तर ती पोर्तुगीजवर जाते.

आईचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिचं वय नव्वद. लहानपणी पोर्तुगीज शाळेत प्रिमेर ग्राव केलेली. त्या पीडीएफमध्ये आठ भाषा होत्या आणि इंग्रजीचं पान नेमकं माझ्या फोनवर उघडेना. पोर्तुगीजचं उघडलं. मी फोन आईपुढे धरला. तिने चष्मा सरसावला आणि शाळेत उभं राहून वाचावं तसं खणखणीत वाचलं, “सोंदा एश्तेरियोर.”

थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, “सोंद्याचा राजा इंग्लंडला कशाला गेला?”

आमचा फोंडा महाल एके काळी सोंदेकरांच्या राज्यात. राज्य गेल्यावर राजा इथेच बांदोड्याला येऊन राहिला, हे आईला पाठ. तिला समजावून सांगायला मला अर्धा तास लागला की ही सोंदा म्हणजे पोर्तुगीजमधली सुपारीएवढी डबी. ती भिंतीला बाहेरून लावायची, तिला बाहेरची थंडी कळते आणि ती वायरीवरून बॉयलरला कळवते. बाहेर गारठा वाढला की रेडिएटरचं पाणी जास्त गरम, हवा उबदार झाली की कोमट. आई म्हणाली, “म्हणजे राजाच. बाहेर उभा राहून आतल्यांना हुकूम सोडतो.”

त्या हुकुमाचा हिशेब एका आकड्यात असतो. त्याला तापाची वक्ररेषा म्हणतात. रेडिएटरच्या घराला दीडच्या आसपास, फरशीखालून नळ्या फिरवल्या असतील तर बराच कमी. घरात २० अंश हवे आणि बाहेर उणे ३, म्हणजे फरक २३. त्याची दीडपट साडेचौतीस. त्यात २० मिळवा, की पाणी ५५ च्या जरा खाली. बाहेर १० अंश असले की त्याच हिशेबाने ३५. मी हे वीजबिलाच्या पाठीवर केलं. वीज नसताना बिल असतंच.

पण पाणी मुद्दाम कमी का तापवायचं? जावयाचं म्हणणं, कडक तापवा आणि मोकळे व्हा. हे त्याला पटवायला मला वाळपईच्या मावसभावाला फोन लावावा लागला. त्याची काजूची भाटी आहे, आणि मे महिन्यात तो फोन घेतो म्हणजे उपकारच. मी विचारलं, लवणीवर (वाफ निवून फेणी जमते त्या मडक्यावर) गार पाणी ओतायचं राहिलं तर काय होतं?

“सगळी फेणी मळबार!” म्हणजे आभाळात.

बॉयलरचं अगदी हेच आहे. गॅस जळला की धुरात पाण्याची वाफ होते आणि गॅसच्या उष्णतेचा साधारण दहावा हिस्सा त्या वाफेत दडून बसतो. वाफ नळकांड्यातून निघून गेली तर तो हिस्सा स्विंडनच्या मळबार. आतच निवून तिचं पाणी झालं तर उष्णता घरात. आणि ती निवणार कशावर? रेडिएटरांतून फिरून परत येणाऱ्या पाण्यावर. ते ५५ अंशांच्या खाली असलं तरच वाफेचं पाणी होतं, आणि जितकं गार तितकं बरं. जावई म्हणतो तसं ८० अंशांचं पाणी सोडायचं आणि ६० नं परत घ्यायचं म्हणजे लवणीवर उकळतं पाणी ओतण्यासारखं आहे. डब्यावर ‘कंडेन्सिंग’ लिहिलंय म्हणून वाफेला काही कळत नाही.

मावसभावाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “जांवयाक सांग, थंय भाटीच घाल.”

मग निघाला ताकदीचा प्रश्न. तिथल्या प्लंबरने ३० किलोवॅटचा बॉयलर सुचवला होता, कारण शॉवरला तेवढा लागतो. पण त्यानेच काढलेल्या हिशेबाप्रमाणे घराला उणे ३ मध्येसुद्धा ६ किलोवॅट पुरतात. बाहेर १० अंश असताना तर अडीच-पावणेतीनच. मुलगी सगळ्यांना विचारत होती, जास्तीत जास्त किती? मी म्हटलं, बाय, कमीत कमी किती ते विचार. एक पंचमांशापर्यंत उतरणारा बॉयलर ६ च्या खाली येत नाही, दहाव्या हिश्शापर्यंत उतरणारा ३ वर येतो. पहिला घेतला तर पाचशे पानांच्या लग्नाचा आचारी दोन कप चहाला बसवल्यासारखं होईल. दर दोन मिनिटांनी चूल पेटव, विझव. बाहेर हजार सोंदे टांगले तरी उपयोग नाही. या एका मुद्द्यावर मी अडून बसलो आणि जिंकलो. निवृत्तीनंतरचा हा माझा एकमेव विजय.

हुशार थर्मोस्टॅटवरून जावई आठवडाभर रुसला. मग बॉयलरच्याच कंपनीचा सोंदा घ्यायचं ठरलं.

आता तो लावायचा कुठे? उत्तरेच्या भिंतीला, ऊन न लागेल असा. मुलगी फोन हातात धरून घराभोवती फिरली. मी इथून विचारतोय, सूर्य कुठे उगवतो? तर ती म्हणते, बाबा, इथे सूर्य विचारून उगवत नाही. शेवटी होकायंत्राने उत्तर दिशा सापडली, आणि त्या भिंतीला नेमका स्वयंपाकघराच्या पंख्याचा झरोका! म्हणजे हिने बांगडे तळायला घेतले की सोंद्याला वाटणार, उन्हाळा आला. तो बॉयलरला हात आखडायला सांगणार आणि बांगडे खायला बसलेली माणसं कुडकुडणार. बांगडे बंद करायचा प्रस्ताव जावयाने मांडला आणि तो एकमताने फेटाळला गेला. सोंदा झरोक्यापासून लांब, कचऱ्याच्या डब्याच्या वरच्या बाजूला गेला. राजाला यापेक्षा बरी जागा मिळायला हवी होती, पण निर्वासितांना निवड नसते.

शेवटचा प्रश्न होता, बाहेर किती अंश झाले की हीटिंग पूर्ण बंद करायचं? मी सहज म्हटलं, २४. पलीकडे शांतता. “बाबा, १८ ला इथे लोक हाफचड्डीवर फिरतात.” माझी विश्वासार्हता तिथे जी घसरली ती अजून सावरलेली नाही.

जानेवारीत सकाळी साडेदहाला फोन आला. तिथले पाच. मुलगी कुजबुजत होती. “बाबा, बिघडला. रेडिएटरला हात लावला तर धड गरमच नाही. हे म्हणतात, सांगितलं होतं.”

“खोलीत किती?”

“वीस.”

“मग बिघडलं काय? कोमटच राहणार तो. कोमट राहूनच काम करतो.”

“पण हात लावला की गरम वाटायला नको? वीस म्हणजे थंडीच की!”

यावर मला काही बोलता येईना, कारण त्या दिवशी पहाटे फोंड्यातही पारा विसावरच होता. मी स्वेटर घातलेला, बायकोने कानाला मफलर गुंडाळलेला. आणि घरात गीझर असूनही तांब्याच्या भाणातल्या पाण्यानेच न्हाणारी आमची आई परसातल्या न्हाणीतून हाका मारत होती, पाणी अजून कोमटच आहे, चुलीत नारळाचं आणखी एक सोडण घाल म्हणून.

“दीडचं एक पॉइंट सहा करू का बाबा?” मुलगी विचारत होती.

“एक नाही रे, दोन घाल!” आई ओरडली.

मी फोन खांद्याने कानाशी धरला आणि सोडणं आणायला परसात गेलो.