आरशात आकडे कशाला?

आज खरंच डोकं फिरलंय. भावाने नवी गाडी घेतली म्हणून सगळे निघालो, पुण्यात सिंहगड रोडला नेहमीसारखे अडकलो आणि समोर बघते तर मधल्या आरशाच्या कोपऱ्यात हिरवी-निळी अक्षरं चमकतायत. एस डब्ल्यू, म्हणजे नैऋत्य. खाली ४४ डिग्री. "ताई बघ ना, दिशा पण दाखवतो!" अरे बाबा, राजाराम पुलावरून धायरीकडे चाललोय, दिशा कळायला होकायंत्र लागतं का? आणि ४४ कुठलं, तो सेन्सर पुढे बंपरपाशी असतो, गाडी उभी राहिली की इंजिनाचीच गरम हवा मोजत बसतो.

मला आठवली ती साताऱ्याहून येतानाची रात्र. मी कॉलेजला होते, बाबा चालवत होते, आमची जुनी मारुती एट हंड्रेड. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलो, नवले पुलाचा उतार लागला, बाबांची नजर सारखी आरशात. मागच्याचा अप्पर डोळ्यावर येत होता म्हणून त्यांनी आरसा मंद करायची खालची खिट्टी ओढलेली, ती एकदम परत ढकलली, आणि काही न बोलता गाडी डावीकडे पार कडेला घेतली. आरशातले दोन दिवे फुगत चाललेले त्यांनी बघितले होते. ट्रक बाजूने सुसाट गेला, हॉर्न नाही काही नाही, फक्त जळक्या ब्रेकचा वास. न्यूट्रलमध्ये सोडला असणार. त्याच उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने एका रात्रीत कितीतरी गाड्या ठोकल्या, विसरलात का सगळे?

तर त्या आरशात तेव्हा चमकणारं काही असतं तर? अर्धा सेकंद नजर तिकडे गेली असती तर?

हां, आपोआप काळा होणारा आरसा चांगला आहे, मान्य. दोन काचांमध्ये जेल असतं, मागून उजेड आला की करंट जाऊन ते गडद होतं, बाबांसारखी खिट्टी ओढायला नको. पण त्याच्यासोबत हे आकडे कशाला गळ्यात मारता? आणि दुकानातले ते मूळ आरशावर अडकवायचे स्क्रीनवाले तर त्याहून वाईट, काचेमागच्या स्क्रीनचा उजेड बाहेर यावा म्हणून काचेवरचा मुलामा पातळ ठेवतात, मग मागचं सगळं अंधुक. मला एका दुकानात गेल्या महिन्यात तेच गळ्यात मारत होते, "मॅडम, सगळे बसवतात". सगळे बसवतात म्हणून मी माझा मागचा रस्ता अंधुक करून घेऊ?

संध्याकाळी सोसायटीत भावाने बाबांना स्टिअरिंगवर बसवलं. रात्रीचं चालवणं त्यांनी कधीच सोडलंय. बसल्या बसल्या हात वर गेला, बोटं आरशाच्या खाली खिट्टी शोधत होती. खिट्टी नव्हतीच, बटण दाबलं गेलं आणि होकायंत्र सुरू झालं. बाबा म्हणाले, "हे मध्ये येतंय रे." भाऊ म्हणाला, सवय होईल.

उद्या सकाळी मी ते बटण दाबून बंद करणारे. त्याला काय बोलायचं ते बोलू दे.